पोलीस भरतीच्या मैदानाआधी

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात दहावी-बारावी झालेल्या मुलाला पुढे काय करणार असे विचारले, तर पुष्कळ घरांतून एकच उत्तर ऐकू येते: पोलीस भरती. आता मुलीही तेच सांगू लागल्या आहेत. जमीन थोडी, वाटेकरी अधिक आणि संत्र्याच्या भावाचा भरवसा नाही, अशा घरात महिन्याला ठरलेला पगार देणारी नोकरी ही मोठी गोष्ट होय. २०२५ साली मध्य प्रदेशात शिपायांच्या ७,५०० पदांची जाहिरात निघाली, तेव्हा आपल्याकडच्याही कित्येकांनी अर्ज भरले असतील. अर्ज भरणे सोपे असते. मैदान अवघड असते. मैदानाची तयारी शेतकरी कुटुंबातल्या मुलामुलींनी कशी करावी, आणि त्यातही कोणत्या गोष्टीकडे आपल्या भागात विशेष लक्ष द्यावे, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपण राहतो मध्य प्रदेशात, बोलतो मराठी, आणि बाजारहाट, दवाखाना, सोयरीक यांसाठी जातो नागपूरला. भरतीचे शिकवणीवर्गही बहुतेक नागपूरकडचेच कानावर येतात. पण दोन्ही राज्यांची परीक्षा एकसारखी नाही. महाराष्ट्रात आधी मैदान व मग लेखी असा क्रम सध्या आहे. मैदानाचे ५० गुण असतात: पुरुषांना १६०० मीटर धावणे, महिलांना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. लांब उडी नाही. मध्य प्रदेशात आधी लेखी परीक्षा, आणि त्यात निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावतात. तेथे ८०० मीटर धावणे, लांब उडी आणि गोळाफेक असे तीन प्रकार असतात. नागपूरच्या वर्गात सहा महिने १६०० मीटर पळणारा आपला मुलगा वाळूच्या खड्ड्यात एकदाही उडी न मारता आपल्या राज्याच्या मैदानावर जाऊन उभा राहतो, तो यामुळेच. महाराष्ट्राच्या भरतीत अधिवासाचा दाखला मागतात, आणि मध्य प्रदेशातील जातीच्या दाखल्यावर तेथे आरक्षण मिळत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे.

दाखल्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या लोकांसाठी एवढे सांगतो. अनुसूचित जमातीचा दाखला धर्मावर अवलंबून नाही. ख्रिस्ती असलेल्या आदिवासी मुलालाही तो मिळतो, आणि उंचीत मिळणारी सवलतही लागू होते. अनुसूचित जातीचे तसे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात पुढे झालेल्या दुरुस्त्या धरून ती सवलत हिंदू, शीख व बौद्ध यांनाच आहे. अर्जात चुकीचा रकाना भरला तर सगळे पार पडूनही शेवटी कागदपत्रांच्या तपासणीत नाव कटते. तहसिलीत जाऊन आधीच खात्री करून घ्यावी.

आता मैदान. मध्य प्रदेशाच्या २०२० सालच्या भरतीत पुरुषांसाठी ८०० मीटर २ मिनिटे ४५ सेकंदांत, लांब उडी १३ फूट आणि ७.२६० किलोचा गोळा १९ फूट असे माप होते. महिलांसाठी ८०० मीटर ४ मिनिटांत, उडी १० फूट आणि ४ किलोचा गोळा १५ फूट. त्या काळी तेवढे माप गाठले की पुरे होत असे. २०२३ च्या भरतीपासून मात्र मैदानाचे गुण शेवटच्या यादीत धरू लागले. म्हणजे नुसते पार होणे पुरेसे राहिले नाही. जितके चांगले धावाल तितके गुण. नवी जाहिरात हाती आली की तिच्यातले आकडे शब्दशः वाचावेत, कारण नियम बदलत असतात. ऐकीव माहितीवर चार महिने घाम गाळू नये.

२ मिनिटे ४५ सेकंद म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही. ताशी साडेसतरा किलोमीटरचा वेग झाला. २०० मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर प्रत्येक फेरी सुमारे ४१ सेकंदांत पुरी व्हावयास हवी. मुलींना प्रत्येक फेरीस ६० सेकंद मिळतात. आपल्या मुलांचा समज असा की, आम्ही दिवसभर शेतात राबतो, संत्र्यांनी भरलेली क्रेट उचलतो, युरियाचे ४५ किलोचे पोते पाठीवर टाकून नेतो, आम्हाला काय अवघड? ताकद असते यात शंका नाही. पण शेतातले काम संथ आणि लांब असते. कंबर, खांदे व पाठ त्याने तयार होतात. फुफ्फुसे आणि पाय वेगाला तयार होत नाहीत. ८०० मीटर हे अंतरही मोठे फसवे आहे. ते नुसत्या जोरावर मारून नेण्याइतके छोटे नाही आणि दमादमाने काढण्याइतके मोठेही नाही. पहिली फेरी जोशात ३३ सेकंदांत काढणारा मुलगा तिसऱ्या फेरीत पाय शिशाचे झाल्यासारखा चालू लागतो.

म्हणून चार महिने. त्याहून कमी काळात घाई करणाऱ्यांची नडगी दुखते, गुडघे सुजतात, आणि परीक्षेच्या महिन्यात ती मुले खाटेवर बसतात. मध्य प्रदेशात लेखी आधी असल्यामुळे पुष्कळ जण निकालाची वाट पाहत बसतात. निकाल लागला की मग पळायला सुरुवात. तोवर वेळ निघून गेलेली असते. लेखीचा अभ्यास व पळणे ही दोन्ही कामे एकाच दिवशी सुरू व्हावयास हवीत.

परंतु पळण्याच्याही आधी एक काम आहे, आणि या लेखाचे मुख्य कारण तेच आहे. आधी रक्त तपासून घ्यावे.

आपला भाग सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी व काही इतर समाजांत, हा रक्तदोष आईबापांकडून मुलांकडे येतो. १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी शास्त्रीय टिपण प्रसिद्ध केले होते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तीही आपल्याच राज्यात, शहडोल येथे. या मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांचे रक्त तपासून कार्ड दिले जाते. ज्यांच्या आईकडून व वडिलांकडून दोन्हीकडून दोष आला त्यांना आजार असतो. त्यांचे सांधे दुखतात, रक्त कमी असते, आणि बहुधा घरच्यांना ते ठाऊक असते. अशा मुलाने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून जोराच्या धावण्याच्या वाटेस जाऊ नये. ज्यांना एकाच बाजूने दोष आला ते केवळ वाहक. त्यांना एरवी काही त्रास नसतो, म्हणून त्यांना स्वतःलाही माहीत नसते. प्रश्न या वाहकांचा आहे.

वाहक माणूस जिवाच्या आकांताने, उन्हात, पाणी न पिता धावला तर त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. स्नायूंना रक्त पोचत नाही आणि ते आतून फुटू लागतात. १९८७ साली अमेरिकेच्या सैन्यातील नव्या रंगरूटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये प्रशिक्षणाच्या वेळी अकस्मात मृत्यूचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त दिसले. पुढे त्या सैन्याने सर्वांसाठीच पाणी, विश्रांती व उन्हाचे नियम घातले. २०१६ साली सुमारे ४८,००० सैनिकांचा दुसरा अभ्यास आला. त्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. श्रमाने स्नायू फुटण्याचे प्रमाण मात्र सुमारे दीडपट होते. या दोन अभ्यासांतून आपण घ्यावयाचे ते असे की, वाहक असणे हे न धावण्याचे कारण नाही. पाणी, सावकाश वाढ आणि वेळेवर थांबणे यांनी धोका पुष्कळ कमी होतो. पण त्यासाठी आपण वाहक आहोत हे आधी कळले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. ती दोष दाखवत असेल तर पुढची पक्की तपासणी करून घ्यावी.

काही आईबाप ही तपासणी टाळतात, कारण मुलीच्या लग्नात अडचण येईल अशी भीती असते. ही भीती समजण्यासारखी आहे, पण मुलीला मैदानावर अंधारात पाठवणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहावे. मध्य प्रदेशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी असल्याचे सरकारी पाहणीत दिसले आहे. रक्त ९ वर असलेल्या मुलीला रोज पळवून तिचा वेग वाढत नाही. ती फक्त थकते, आणि घरचे म्हणतात हिच्यात दम नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यास त्या दोन-तीन महिने नेमाने घ्याव्या लागतात. गोळीसोबत संत्र्याचा किंवा लिंबाचा रस घेतल्यास लोह अंगी अधिक लागते, आणि संत्र्याला तर आपल्याकडे तोटा नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये; चहा लोह अडवतो. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी मात्र लोहाची गोळी मनाने सुरू करू नये.

दवाखान्यात गेलाच आहात तर डोळे व रंगांची ओळख तपासून घ्यावी. रंगांधळेपणावर औषध नाही, आणि तो शेवटच्या वैद्यकीय तपासणीत उघड होऊन मुलगा परत आला की सारी मेहनत वाया जाते. सपाट तळवा घरीच पाहता येतो. पाय ओला करून सारवलेल्या कोरड्या जमिनीवर टेकवावा. तळव्याच्या आतल्या बाजूस पोकळ जागा न दिसता पूर्ण ठसा उमटला तर डॉक्टरांना दाखवावे.

आता सरावाकडे वळू. मैदान नाही ही सबब चालणार नाही. ५० मीटरची दोरी घेऊन शाळेच्या पटांगणावर किंवा पांदणीवर २०० मीटर मोजावे आणि चुन्याने खुणा कराव्यात. काळ्या रानात पळू नये. उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळतो आणि पावसात चिखल बुटाला शेरभर चिकटतो. डांबरी रस्त्यावर रोज पळल्याने नडगी धरते. मुरमाड कच्चा रस्ता सर्वांत चांगला. पहिला महिना नुसते सावकाश धावावे, आठवड्यातून चार दिवस, तीन-चार किलोमीटर, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने. या महिन्यात घड्याळ घरी ठेवावे. मुलांना हे आवडत नाही, त्यांना पहिल्याच दिवशी वेळ लावून पाहायची असते. आणि वाहक मुलाला सर्वांत मोठा धोका याच पहिल्या दिवसांच्या शर्यतीत असतो.

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून दोन दिवस तुकड्यांनी धावावे. २०० मीटर जोरात, मग दोन-तीन मिनिटे चालत फिरणे, असे सहा वेळा. पुढे ४०० मीटरचे चार तुकडे, आणि शेवटी ६०० मीटरचे दोन. प्रत्येक तुकडा परीक्षेच्या वेगाने, त्याहून जोरात नव्हे. असे केल्याने ४१ किंवा ६० सेकंदांची फेरी पायांनाच पाठ होते. पूर्ण ८०० मीटर वेळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच पळावे. परीक्षेपूर्वीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा.

गोळ्याबाबत शेतकऱ्याच्या मुलाची एक खोड असते. पाखरे हाकलताना धोंडा भिरकावतो तसा तो गोळा भिरकावतो. त्याने खांदा निखळतो आणि फेकही बाद ठरते. गोळा फेकायचा नसून ढकलायचा असतो. तो बोटांच्या मुळाशी धरून हनुवटीखाली मानेला टेकवावा, कोपर वर ठेवावे, गुडघे वाकवून जोर पायांतून, कमरेतून वर आणावा, हात सर्वांत शेवटी सरळ व्हावा. लोखंडी गोळा नसेल तर नदीतला गुळगुळीत गोल दगड किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्यावा. लांब उडीसाठी तीन-चार पावलांऐवजी बारा-पंधरा पावलांची धाव नक्की करावी व तीच मोजून रोज घ्यावी. फळीच्या पुढे पाय पडला की १५ फुटांची उडीही शून्य होते. पडताना हात मागे टेकू नयेत, कारण माप सर्वांत मागच्या खुणेपासून धरतात.

आईवडिलांनाही येथे थोडे सांगावयाचे आहे. ज्या दिवशी जोराचा सराव असेल त्या दिवशी मुलाला कापसाच्या वेचणीत किंवा संत्र्याच्या तोडीत दिवसभर जुंपू नये. बहराच्या दिवसांत हे कठीण जाते हे आम्हाला ठाऊक आहे. निदान आठवड्यातले दोन दिवस मोकळे द्यावेत. कीटकनाशकाची फवारणी केली त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी पळणे बंद. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. आणि घरातल्या मुलीलाही मुलाइतकेच खायला वाढावे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, हिरवी भाजी, जमल्यास अंडे किंवा दूध; यापेक्षा वेगळे काही लागत नाही. डब्यातल्या महागड्या पावडरींवर पैसे घालवू नयेत. उपवास असेल त्या दिवशी जोराचे धावणे टाळावे. आणि खर्रा! तोंडात खर्रा धरून पळणाऱ्या मुलाच्या हृदयाला तंबाखू आधीच पळवत असते. चार महिने तो सोडता येत नसेल तर बुटांवर खर्च करू नये.

याहून वाईट म्हणजे सुया. महाराष्ट्रातल्या भरतीत उमेदवारांकडे उत्तेजक औषधे व सिरिंजा सापडल्या आहेत. दुखणे दाबणारी गोळी खाऊन पळणेही निरुपद्रवी नाही. अंगातले पाणी कमी झाले असताना ती मूत्रपिंडांना इजा करते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे मृत्यू झाले व त्यानंतर अंतर कमी करावे लागले. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक तरुण दगावले आणि भरती काही दिवस थांबवावी लागली. घरून निघताना ती मुले धडधाकटच दिसत होती.

पैशाच्या गोष्टीही कानावर येतात. 'साहेब ओळखीचे आहेत, पाच लाख द्या, काम होईल' असे सांगणारा माणूस प्रत्येक भरतीच्या वेळी गावात उगवतो आणि कोणीतरी जमिनीचा तुकडा गहाण टाकतो. मध्य प्रदेशाच्या २०१३ च्या पोलीस शिपाई परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल भोपाळच्या सीबीआय न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ३१ जणांना दोषी ठरवले. त्यातील ३० जणांना सात वर्षांची शिक्षा झाली. दलालासोबत उमेदवारही तुरुंगात जातो.

परीक्षेच्या दिवशी तीन तास आधी हलके खावे. साधे पोहे किंवा केळी व थोडी भाकर चालेल, तर्रीपोहे नकोत. आदल्या दिवसापासून थोडे थोडे पाणी पीत राहावे. उन्हाळा असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी जवळ ठेवावे. ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर धावू नये.

सरावात किंवा मैदानावर कोणी कोसळले तर काय करावे, हे सोबत्यांनी आधीच ठरवून ठेवावे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, चाल लडखडती, असे दिसल्यास तो उष्माघात समजावा. अशा वेळी गाडी शोधत बसू नये. आधी गार करावे, मग हलवावे. सावलीत आडवे करून विहिरीचे गार पाणी सर्वांगावर ओतत राहावे, ओल्या कापडाने वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. सिकलसेलच्या वाहकाचे लक्षण वेगळे असते. तो शुद्धीत असतो, बोलतो, पण पायांत त्राण नाही म्हणून मटकन खाली बसतो. मांड्या-पोटऱ्या दुखतात, परंतु हाताला गोळा आल्यासारख्या कडक लागत नाहीत. 'उठ, नाटक करू नको' असे म्हणून त्याला पुन्हा पळवणे जिवावर बेतू शकते. पुढच्या तासांत लघवी काळ्या चहासारखी झाली तर दवाखान्यात लगेच न्यावे. दोन्ही वेळी १०८ ला फोन करावा. मुलगा वाहक असेल तर सिकलसेलचे कार्ड प्रवेशपत्रासोबत खिशात ठेवावे, आणि रुग्णवाहिका येताच सोबत्याने सर्वांत आधी तेच दाखवावे.